'रूल ऑफ थम्ब' : एका वाक्प्रचाराची व्युत्पत्ती आणि व्युत्पत्तीची जबाबदारी

वाक्प्रचारात समाजाचा इतिहास साठवलेला असतो, हे विधान भाषेच्या वर्गात वारंवार केले जाते. ते खोटे नाही; परंतु त्यातून एक सोयीस्कर समजूत जन्माला येते. प्रत्येक वाक्प्रचारामागे एखादी घटना, व्यक्ती किंवा प्रथा असलीच पाहिजे आणि तिची कथा हाती लागली की व्युत्पत्तीचे काम संपले, अशी ती समजूत होय. कथा जितकी वेधक तितकी ती खरी वाटते; आणि ती एखाद्या न्याय्य भूमिकेला पूरक असेल, तर तिच्याविषयी शंका घेणे हेच अनुचित ठरू लागते. इंग्रजीतील 'रूल ऑफ थम्ब' या अतिपरिचित वाक्प्रचाराच्या व्युत्पत्तीची हकीकत या दृष्टीने मुळातून पाहण्याजोगी आहे. लोकव्युत्पत्ती कशी रुजते, ती कोणाच्या उपयोगी पडते आणि तिचे खंडन झाल्यावर काय घडते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या एका उदाहरणात सापडतात.

प्रथम अर्थाचा विचार करू. शास्त्रशुद्ध मोजमाप किंवा उपपत्ती यांवर न बेतलेला, अनुभवातून सिद्ध झालेला, व्यवहारात बहुतांशी खरा ठरणारा ढोबळ नियम म्हणजे 'रूल ऑफ थम्ब'. मराठीत त्याच्या जवळपास जाणारे शब्द म्हणजे ठोकताळा आणि आडाखा. 'अंगठ्याचा नियम' असे शब्दशः भाषांतर अधूनमधून वाचनात येते. परंतु मराठी वाचकाला त्यातून काहीच बोध होत नाही. मराठीत अंगठा म्हटला की निरक्षराची निशाणी आठवते, नकार आठवतो, फार तर एकलव्याची गुरुदक्षिणा आठवते. अंदाज आठवत नाही.

या वाक्प्रचाराच्या उगमाविषयीची जी कथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वतोमुखी झाली, ती थोडक्यात अशी : जुन्या इंग्रजी कायद्याने नवऱ्याला बायकोस मारण्याचा हक्क दिला होता, मात्र मारण्याची काठी नवऱ्याच्या अंगठ्यापेक्षा जाड असता कामा नये, असा दंडक होता, हाच तो 'अंगठ्याचा नियम'. कथा संक्षिप्त आहे, भयंकर आहे आणि एकदा ऐकली की विसरता येत नाही. रोजच्या बोलण्यातील निरुपद्रवी शब्दांच्या तळाशी एवढे क्रौर्य दडलेले असावे, या जाणिवेने ऐकणारा हादरतो. तिच्या प्रसाराचे मर्म या हादऱ्यातच आहे.

आता ही कथा पुराव्याच्या कसोटीस लावू. पहिली कसोटी कालक्रमाची. हा वाक्प्रचार मुद्रित स्वरूपात आढळतो तो जेम्स डरहॅम या स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १६८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवचनसंग्रहात. डरहॅमचे निधन १६५८ मध्ये झाले. म्हणजे हा प्रयोग सतराव्या शतकाच्या मध्याइतका मागे जातो. तेथे तो नाममात्र ख्रिस्ती माणसांची तुलना अडाणी गवंड्यांशी करतो. गुण्या आणि मापपट्टी न वापरता अंदाजाने व अंगठ्याच्या मापाने बांधकाम करणारे ते गवंडी होत. लोक असे म्हणतात, अशी पुस्तीही तो जोडतो. यावरून हा प्रयोग त्याच्या काळी बोलीत रूढ असला पाहिजे. १६९२ मध्ये सर विल्यम होप याच्या तलवारबाजीवरील ग्रंथात हाच प्रयोग शास्त्रोक्त कौशल्याच्या विरोधी अर्थाने येतो. १७२१ मध्ये जेम्स केली याने सिद्ध केलेल्या स्कॉटिश म्हणींच्या संग्रहात तर तो म्हणीच्या रूपात स्थिरावलेला दिसतो.

याउलट अंगठा आणि काठी यांची सांगड ज्या नावाशी जोडली जाते ते नाव आहे सर फ्रान्सिस बुलर या इंग्रज न्यायाधीशाचे, आणि वर्ष आहे १७८२. बुलरने नवऱ्याला अंगठ्याएवढ्या जाडीची काठी वापरण्याची मुभा असल्याचे मत दिले, असा बोभाटा त्या वर्षी झाला. जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'जज थम्ब' या नावाने त्याचे चित्र काढले. त्यात न्यायाधीशाच्या हाती काठ्यांच्या मोळ्या असून काठ्यांच्या टोकांना अंगठे आहेत आणि मागे एक नवरा बायकोला झोडपीत आहे. मात्र बुलरने असा निर्णय दिल्याची नोंद कोणत्याही निवाड्यात नाही. इंग्लंडच्या न्यायाधीशांची चरित्रे लिहिणाऱ्या एडवर्ड फॉस यानेही १८६४ मध्ये हेच नमूद केले की, कसून शोध घेऊनही या मताला भक्कम पुरावा मिळत नाही. बुलरवरील आरोप खरा धरला, तरी डरहॅमच्या प्रवचनसंग्रहानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी उच्चारलेले मत त्या प्रवचनातील शब्दांचा उगम ठरू शकत नाही.

दुसरी कसोटी अर्थाची आणि ती अधिक महत्त्वाची आहे. कारण जुने प्रयोग उद्या आणखी सापडतील आणि सनावळी मागेपुढे होईल, परंतु अर्थाचा प्रश्न तसाच राहील. काठीचा दंडक हा या वाक्प्रचाराचा उगम असता, तर त्याचा अर्थ 'ओलांडू नये अशी मर्यादा' किंवा 'कायद्याने दिलेली सवलत' असा व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात प्रारंभापासून तो 'काटेकोर नव्हे असा अंदाज' या अर्थानेच आढळतो. कथेतून 'अंगठा' या शब्दाचा उलगडा होतो, पण 'ढोबळपणा' या अर्थाचा होत नाही. जी व्युत्पत्ती शब्द सांगते आणि अर्थ सोडून देते, ती व्युत्पत्ती अर्धीच असते. हीच कसोटी आणखी एका प्रचलित कथेलाही लागू पडते. दारू गाळणारे लोक काढ्याची उष्णता अंगठा बुडवून पाहत, त्यावरून हा वाक्प्रचार आला, असे सांगितले जाते. ही कथा अर्थाला जवळची आहे. परंतु वर उल्लेखिलेल्या तिन्ही प्रयोगांत दारूच्या धंद्याचा मागमूस नाही. एका कथेला अर्थ जुळत नाही, दुसरीला प्रयोगांचा आधार नाही.

मग अंगठा आला कोठून? त्याचे उत्तर कथेत नसून मापनाच्या सर्वपरिचित व्यवहारात आहे. फ्रेंचमध्ये 'पूस', डचमध्ये 'डउम' आणि इटालियनमध्ये 'पोलिचे' हा एकच शब्द अंगठा व इंच या दोहोंसाठी वापरला जातो. बाराव्या शतकातील स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या वजनमापांच्या नियमांत लहान, मध्यम व थोर अशा तीन पुरुषांच्या अंगठ्यांच्या रुंदीची सरासरी म्हणजे इंच, असे ठरवून दिलेले आहे. अंगठ्याचे माप कोणाच्याही अंगठ्यावर सोपवता येत नाही, ही अडचण त्या नियमकर्त्याला ठाऊक होती. म्हणूनच त्याने सरासरी सांगितली. ज्याने सरासरी न पाहता आपलाच अंगठा लावला, त्याचे काम 'अंगठ्याच्या मापाचे' ठरले. डरहॅम आणि केली हे दोघेही स्कॉटिश परंपरेतील आहेत, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे.

अन्य भाषांची साक्षही याच दिशेची आहे. जर्मनमध्ये याच अर्थाने 'मुठीचा नियम' म्हणतात. डच आणि फिनिश याही भाषांत मूठच आहे. तुर्कीत अशा अंदाजाला 'डोळ्याचा निर्णय' म्हणतात, तर फ्रेंच माणूस 'नाकाच्या नजरेने' अंदाज करतो. अवयव बदलतो, कल्पना तीच राहते : साधन हाताशी नसेल तेव्हा माणूस आपल्या देहालाच साधन करतो. मराठी भाषकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. वीत, टीच, हात, चिमूट, मूठ, ओंजळ, पसा ही मापे त्याच्या बोलण्यात आहेत. विहिरीची खोली पुरुषांत मोजली गेली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही अंगुळाचे माप यवाच्या दाण्यांवरून सांगितल्यावर मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाचा पर्याय दिला आहे. दाण्यांची संख्या निश्चित, बोट अंदाजाचे. शास्त्र आणि व्यवहार यांचे नाते तेथेही तेच आहे.

येथवरचे विवेचन वाचून एक चुकीचा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव आहे. काठीची कथा खोटी, म्हणून नवऱ्याच्या हक्काची गोष्टही खोटी, असा तो निष्कर्ष. वस्तुतः येथे तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवणे हेच अभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे. पहिली गोष्ट वाक्प्रचाराची. तिचा काठीशी संबंध नाही. दुसरी गोष्ट अंगठ्याएवढ्या काठीच्या समजुतीची. ती समजूत मात्र खरोखरच अस्तित्वात होती. तिसरी गोष्ट प्रत्यक्ष कायद्याची. आणि तो या समजुतीहून फारसा सौम्य नव्हता.

विल्यम ब्लॅकस्टोनच्या इंग्रजी कायद्यावरील भाष्याचा पहिला खंड १७६५ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या कायद्याने नवऱ्याला बायकोस 'माफक शासन' करण्याचा अधिकार दिला होता, दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत या अधिकाराविषयी शंका घेतली जाऊ लागली, तरी खालच्या थरातील लोक तो हक्क अद्याप सांगतात, असे ब्लॅकस्टोन लिहितो. त्यात अंगठ्याचा उल्लेख नाही. परंतु मारण्याचा अधिकार आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १८६८ मध्ये निकालात निघालेला एक खटला या संदर्भात उल्लेखनीय आहे. नवऱ्याने बायकोला छडीचे तीन फटके मारले होते. छडी बोटाएवढी होती, अंगठ्यापेक्षा बारीक होती, म्हणून खालच्या न्यायाधीशाने त्याला निर्दोष ठरविले. वरिष्ठ न्यायालयाने अंगठ्याचे माप अमान्य केले. हत्याराच्या जाडीपेक्षा परिणाम पाहावा, असे म्हटले. आणि तरीही किरकोळ प्रकरणी कुटुंबाच्या कारभारात हात घालणार नाही, या कारणास्तव सुटका कायम ठेवली. माप गेले, फटके राहिले. १८७१ मध्ये अलाबामाच्या न्यायालयाने मारण्याचा हक्कच नाकारला. १८७४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्याच न्यायालयाने अंगठ्याएवढ्या छडीचे जुने मत या राज्याचा कायदा नाही, असे स्पष्ट सांगितले. पण कायमची इजा किंवा दुष्ट हेतू नसेल तर पडदा ओढून घेणेच बरे, असेही सुचविले. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पॉवर कॉब या लेखिकेने १८७८ मध्ये पत्नीच्या छळावर लिहिलेल्या निबंधाचा त्याच वर्षीच्या कायद्यात वाटा होता. नवऱ्याने गंभीर मारहाण केल्यास विभक्त राहण्याचा आदेश मिळण्याची सोय त्या कायद्याने केली. बायकोला कोंडून ठेवण्याचा नवऱ्याचा अधिकार तेथील अपील न्यायालयाने १८९१ मध्ये अमान्य केला.

हा सारा इतिहास निवाड्यांत आणि कायद्यांत नोंदलेला आहे. त्याला वाक्प्रचाराच्या टेकूची गरज नाही. असे असताना टेकू का दिला गेला? १९७६ साली डेल मार्टिन या अमेरिकन कार्यकर्तीच्या लेखनात अंगठ्याएवढ्या छडीचा उल्लेख करून, हा जणू 'रूल ऑफ थम्ब'च, असा शब्दांवरचा खेळ केलेला आढळतो. तो श्लेष होता, व्युत्पत्ती नव्हती. पुढे उद्धरणातून उद्धरण होत गेले आणि श्लेषातील 'जणू' गळून पडला. १९८२ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने मारहाण होणाऱ्या स्त्रिया आणि न्यायव्यवस्था यांविषयीच्या आपल्या अहवालाला 'अंडर द रूल ऑफ थम्ब' असे नाव दिले. श्लेषावर अधिकृततेची मुद्रा उमटली. लोकव्युत्पत्ती केवळ अशिक्षितांत जन्मते, या समजुतीला हे उदाहरण छेद देते. येथे ती सुशिक्षितांच्या छापील मजकुरातून, एकाने दुसऱ्याचा मूळ संदर्भ न तपासल्यामुळे, जन्मली.

त्याचा परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. १९९४ मध्ये हेन्री ॲन्सगार केली यांनी विधिशिक्षणविषयक नियतकालिकात या समजुतीचा साधार समाचार घेतला. त्याच वर्षी क्रिस्टिना हॉफ सोमर्स यांनी आपल्या पुस्तकात हीच कथा स्त्रीवादी संशोधनाच्या बेफिकिरीचा नमुना म्हणून पुढे मांडली. वाद आता मारहाणीच्या इतिहासाचा न राहता वाक्प्रचाराच्या खरेपणाचा झाला. ज्यांना मूळ प्रश्न नकोच होता, त्यांना तो टाळण्याचे कारण मिळाले. खोट्या व्युत्पत्तीने एका न्याय्य बाजूला जे बळ दिल्यासारखे वाटले, ते सव्याज परत घेतले गेले. कथेमुळे जागृती होत असेल तर ती खरी की खोटी याची चिकित्सा कशाला, असा युक्तिवाद करणाऱ्यांनी हा जमाखर्च नीट तपासावा. पीडितेची बाजू मांडणाऱ्याला पुराव्याची सूट मिळत नाही; उलट तिच्या शब्दावर आधीच अविश्वास दाखवला जात असल्यामुळे त्याच्यावरील जबाबदारी अधिक असते.

भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला या चर्चेतील मूळ पेच नवा नाही. 'कुशल' या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ कुश नावाचे गवत आणणारा. 'निपुण' हा त्याचा रूढ अर्थ. मम्मटाने काव्यप्रकाशात हे रूढिलक्षणेचे उदाहरण मानले. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने त्यास आक्षेप घेतला. शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त वेगळे आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे, म्हणून 'निपुण' हाच 'कुशल'चा मुख्यार्थ मानावा, असे त्याचे प्रतिपादन आहे. 'रूल ऑफ थम्ब'ला हे सूत्र लावले तर असे दिसते की, काठीची कथा क्षणभर खरी मानली, तरी आज तो शब्दप्रयोग करणारा माणूस पत्नीच्या मारहाणीविषयी काहीच बोलत नसतो. ते शब्द वापरू नयेत असा जो आग्रह काही ठिकाणी धरला गेला, तो व्युत्पत्तिनिमित्तालाच प्रवृत्तिनिमित्त समजण्यातून आलेला आहे. विश्वनाथाचा भेद शतकानुशतके परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत लिहिला जात आहे. तो वापरण्याचे प्रसंग मात्र असे रोजच्या भाषेत येतात.

प्रश्न केवळ इंग्रजीचा असता, तर तो इंग्रजीच्या विभागाकडे सोपवून मोकळे होता आले असते. परंतु मराठीच्या वर्गात 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार शिकवताना काय घडते, ते पाहावे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ही इतिहाससिद्ध घटना. रघुनाथरावांच्या पत्रातील 'धरावे' या शब्दाचे आनंदीबाईंनी 'मारावे' केले, ही त्या घटनेभोवती रूढ झालेली कथा. वाक्प्रचाराचा अर्थ सांगण्यास कथा पुरेशी आहे. परंतु ती कथा म्हणून न सांगता वृत्तान्त म्हणून सांगितली जाते, तेव्हा शिक्षक अर्थ सांगता सांगता निवाडाही देऊन टाकतो. आणि वाक्प्रचार सर्वांच्या तोंडी आहे, हाच त्या निवाड्याचा पुरावा ठरतो. इंग्रजीतील कथेने एका अन्यायाला चुकीचा पुरावा दिला. येथे एका स्त्रीवरील आरोप पुराव्यावाचून पिढ्यानपिढ्या पुढे नेला जातो. आनंदीबाई दोषी होत्या की नव्हत्या, हे ठरविण्याचे काम कागदपत्रांच्या अभ्यासकाचे आहे; वाक्प्रचाराकडे ते काम नाही. वाक्प्रचार फार तर एवढीच साक्ष देतो की, लोकांनी असे मानले.

म्हणून व्युत्पत्ती सांगणाऱ्याने चार प्रश्न आधी स्वतःला विचारावेत. या वाक्प्रचाराचा ज्ञात असलेला सर्वांत जुना प्रयोग कोणता? त्या प्रयोगातील संदर्भ कोणता अर्थ सुचवितो? उगमाची जी कथा सांगितली जाते, ती स्वतः कधीपासून सांगितली जाऊ लागली? आणि ती कथा शब्दाबरोबर अर्थाचाही उलगडा करते काय? १८५७ ची मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' महाविद्यालयीन ग्रंथालयांत दुर्मीळ नाहीत. बखरी आणि संतवाङ्मयही छापलेले आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने एका वाक्प्रचाराचे दहा जुने प्रयोग सनावार लावून दाखविले, तर तो लहानसा प्रबंध शंभर रंजक कथांच्या संग्रहापेक्षा अधिक मोलाचा ठरेल.

यात कथेचा अव्हेर नाही. लोकांनी एखाद्या शब्दाला कोणती कथा जोडली, हादेखील सांस्कृतिक इतिहासाचाच भाग आहे. अंगठा आणि काठी यांची कथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जाणिवांविषयी बरेच काही सांगते. मात्र ती सतराव्या शतकातील गवंड्याविषयी काहीही सांगत नाही. कथा ज्या काळाची, त्या काळाचा पुरावा म्हणून तिची नोंद घ्यावी आणि वाक्प्रचाराचा उगम जुन्या प्रयोगांत शोधावा. तसे केल्याने मार खाणाऱ्या स्त्रियांचा इतिहास तसूभरही उणा होत नाही; तो ज्या निवाड्यांत आणि कायद्यांत नोंदलेला आहे, तेथे जाऊन वाचण्याची वाट तेवढी मोकळी होते.